बारा मिनिटांचं तोरण

शनिवार, १४ सप्टेंबर. सकाळी १०.२०

नवी वही. फक्त माझ्यासाठी. विमा कंपनीत एकतीस वर्षं लोकांचे दावे तपासले, रोजच्या रोज नोंदी ठेवल्या. मार्चमध्ये निवृत्त झालो म्हणून डोळे मिटून बसायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

बायको, आनेग्रेट, ९.०५ ला गेली. ओस्नाब्रुकला, तिच्या बहिणीकडे. मेख्टिल्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मुक्काम साधारण दोन आठवडे. हा आकडा माझा. तिनं नक्की सांगितलं नाही, पण गुडघ्याला तेवढे लागतातच.

सामान: मोठ्या बॅगा दोन, हिवाळी कोट, शिलाई मशीन, तिच्या आईचा फ्रेममधला फोटो. शिलाई मशीन कशाला, असं विचारणार होतो. मग लक्षात आलं, पेशंटजवळ बसून वेळ जात नाही.

मेख्टिल्ड स्वतः गाडी घेऊन आली होती. मशीन तिनंच उचललं आणि तळघराच्या पायऱ्या एका दमात चढून गेली. आमच्या कंपनीत धडधाकट माणसं लंगडत यायची. इथे उलटा प्रकार. मानी आहे बाई.

निघताना आनेग्रेट स्वयंपाकघरात थांबली. म्हणाली, "स्वतःला जप, फोल्कमार." मी विचारलं, डिशवॉशरचं मीठ कुठे असतं? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सिंकखाली."

११.४०

शेजारच्या केंपरबाई कुंपणावरून डोकावल्या. "आनेग्रेट गेली का?" यांना कसं कळलं? मी कुणाला काही बोललेलो नाही. मेहुणीच्या गुडघ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होय," आणि घाईघाईनं टोमॅटोला पाणी घालायला लागल्या. टोमॅटोचं पाणी सकाळी सातलाच झालं होतं. मी पाहिलं होतं.

घरात शिरता शिरता त्यांनी आमच्या पुढच्या दाराकडे नजर टाकली.

दुपारी १.००

त्या नजरेचा अर्थ लागला. दर सप्टेंबरात आमच्या दारावर पानाफुलांचं गोल तोरण लागतं. गल्लीत सगळ्यांकडे लागलंय. आमच्याकडे नुसता खिळा. म्हणजे 'बाईसाहेब घरी नाहीत' अशी पाटीच लावल्यासारखं. चोराला आणखी काय हवं?

निश्चय: तोरण मी करणार. आनेग्रेटच्या मासिकात सापडलं: 'शरदाचं तोरण, वीस मिनिटांत, जवळजवळ फुकट.' वीस मिनिटं बायकांची, गप्पांसकट. मला बारा पुरतील.

रविवार, १५ सप्टेंबर

आनेग्रेट पेंढ्याच्या गोल चुंबळीवर पानं बांधते. तळघरात अशा नऊ चुंबळी असायच्या. आज मोजल्या, एकही नाही. बारीक तारेचं रीळ नाही. हिरवी कात्री नाही. कुलूप शाबूत. तळघराची दुसरी किल्ली केंपरबाईंकडे असते, आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी घालायला.

लगेच जाऊन बेल वाजवली. आडवळणानं विचारलं, पेंढ्याचं काही माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "चुंबळी ना? आनेग्रेटच घेऊन गेली की. परवा, दोन खेपा केल्या. मीच दार धरून उभी होते."

गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ चुंबळी! मी नुसता हसलो. इतकं पटकन उत्तर देणारा साक्षीदार मी आजवर सोडलेला नाही. जबाब नोंदवला. विश्वास ठेवलेला नाही.

पर्याय म्हणून तारेचा हँगर वाकवायचं ठरवलं. सुदैवानं कपाटात आनेग्रेटच्या बाजूला रिकामे हँगर भरपूर निघाले. सत्तावीस. इतके रिकामे हँगर बाळगून ही बाई करत होती काय?

हँगर गोल होता होता बटाट्याच्या आकाराचा झाला. हरकत नाही, पानांखाली झाकेल. मेपलची लालबुंद पानं आणली, गोंदानं चिकटवली. प्रत्यक्ष वेळ: तीन तास दहा मिनिटं. बोटाला पट्टी बांधण्याचा वेळ त्यातच धरलाय.

लांबून छान दिसतं. फार लांबून.

सोमवार, १६ सप्टेंबर. सकाळी ८.१०

पानं वाळून पापडासारखी झाली. पेपर घ्यायला दार उघडलं आणि सगळी उंबऱ्यावर. खिळ्याला हँगर तेवढा राहिला. केंपरबाई सायकलवरून चालल्या होत्या, थांबल्या. "अहो टाइगेलर, कपडे पुढच्या दारावर वाळत घालायला लागलात की काय?"

बरोबर त्याच वेळी बाहेर पडल्या. योगायोग?

मंगळवार, १७ सप्टेंबर

अंगठा सुजलाय. काम बंद.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मासिकात म्हटलंय, हायड्रेंजियाची फुलं वाळली तरी रंग धरून राहतात. आमच्या हायड्रेंजियाला यंदा एकही फूल नाही. मार्चमध्ये मी ती झुडपं स्वतः छाटली होती. पट्टी लावून, एका रेषेत, वीतभर ठेवून. आनेग्रेट खिडकीतून ओरडत होती, "अरे नको, फुलं जुन्या फांद्यांवर येतात!" पण छाटणी अगदी नीटनेटकी झाली होती. तेव्हा कारण दुसरं असणार. कुंपणापलीकडे केंपरबाईंची हायड्रेंजिया ताटाएवढी फुलली आहे. आमच्या बाजूची माती तपासून घ्यावी का?

संध्याकाळी वीप्केचा फोन, ब्रेमेनहून. पोरगी एरवी "आई आहे का?" म्हणून सुरुवात करते. आज म्हणाली, "बाबा, तू कसा आहेस?" मी सावध झालो. मग म्हणे, "आईशी बोललास का तू? म्हणजे नीट? काही विचारलंस का तिला?" मी म्हणालो, हो, मीठ सापडलं. मग तिनं फोनवर हात ठेवला असावा, कारण कुजबुज ऐकू आली. दुसरा आवाज आनेग्रेटचा होता. पैजेवर सांगतो.

आनेग्रेट ब्रेमेनमध्ये काय करतेय? आणि गुडघ्याजवळ कोण आहे?

शनिवार, २१ सप्टेंबर. दुपारी १२.१५

पोस्टानं आनेग्रेटच्या नावे पाकीट आलं. ओस्नाब्रुकचे कुणी घरमालक. दुसऱ्याची पत्रं मी उघडत नाही, हे तत्त्व. उजेडात धरायला तत्त्वाची हरकत नाही. वाचता आलं ते असं: 'दोन खोल्या', 'बाल्कनी', '१ ऑक्टोबरपासून', 'आपलं स्वागत'.

दुपारी १२.४०

सगळं जुळलं! इतके दिवस समोर असून दिसलं कसं नाही?

५ ऑक्टोबरला मी पासष्ट वर्षांचा होतो. बायको तीन आठवडे आधी गायब, मुलगी कुजबुजतेय, शेजारीण उगाच टोमॅटोला पाणी घालतेय, मेहुणीचा गुडघा ठणठणीत, आणि आता पाहुण्यांना उतरायला खोल्या भाड्यानं घेतलेल्या. शिलाई मशीन: पडदे, टेबलक्लॉथ. नऊ चुंबळी: हॉलच्या सजावटीला.

मला चकित करायचा कट आहे हा. मला! एकतीस वर्षं जो माणूस फसला नाही त्याला!

निश्चय: काही कळलंय असं दाखवायचं नाही. पाकीट तसंच ठेवलं. पाहुणे शेवटी या घरी येणारच. म्हणजे तोरण आता चोरासाठी नाही, पाहुण्यांसाठी. दर्जा वाढवायला हवा.

रविवार, २२ सप्टेंबर

केंपरबाई वाटाण्याचं सूप घेऊन आल्या. वाटी भरून नाही, पातेलं भरून. बसल्या. हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "टाइगेलर, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मला वाटतं आनेग्रेटनं तुम्हाला..." मी बोट ओठांवर ठेवलं. म्हणालो, केंपरबाई, पुढे एक शब्दही नको. मला सगळं माहीत आहे. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "आणि तुम्ही ठीक आहात?" मी म्हणालो, ठीक काय, अगदी मजेत. आणि डोळा मारला.

सूप ठेवून त्या लगबगीनं निघून गेल्या. एवढा मोठा कट आणि पोटात काही राहत नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

तोरण क्रमांक तीन. (क्रमांक दोन शेवाळ्याचं होतं. त्यातून गोगलगाई निघाल्या. त्याविषयी लिहिणार नाही.)

या वेळी रानातली नारिंगी बोरं, गुच्छच्या गुच्छ, डहाळ्यांवर दोऱ्यानं बांधली. एक वाजता लावलं. ऊन पडलं की पेटल्यासारखं दिसत होतं. रस्त्यापलीकडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. केंपरबाईही पाहत होत्या. म्हणाल्या, "छान जमलंय हो!" हे त्यांनी इतक्या आश्चर्यानं का म्हणावं?

गुरुवार, २६ सप्टेंबर. सकाळी ७.५५

बोरं गायब. निम्म्याहून जास्त. डहाळ्या जागच्या जागी, दोरा जागच्या जागी. सराईत हात.

उरलेली तशीच ठेवतो. उद्या पहाऱ्यावर बसणार.

शुक्रवार, २७ सप्टेंबर. सकाळी ६.४० ते ७.२०

पडद्याआड खुर्ची, कॉफी, दुर्बीण. ७.०५ ला चोर आला. काळा पक्षी, पिवळी चोच. एकेक बोर तोडून आरामात खाल्लं, दारावर शिटला, गेला.

मात्र तो केंपरबाईंच्या झुडपातून आला होता. एवढी नोंद पुरे.

शनिवार, २८ सप्टेंबर

दोन आठवडे पूर्ण. आनेग्रेट आली नाही. अपेक्षितच होतं, कट ५ तारखेचा आहे. तरी लोकलाजेस्तव फोन केला. विचारलं, गुडघा कसा आहे? ती म्हणाली, "कुणाचा गुडघा?"

कच्ची खेळाडू! स्वतःचीच गोष्ट विसरली. तिला लाजवायला नको म्हणून मी विषय बदलला. विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे? ती म्हणाली, "फोल्कमार, मी शनिवारी घरी येतेय, पाच तारखेला. अकराच्या सुमारास. आपण बसून बोलू. तू असशील ना?" मी म्हणालो, मी कुठे जाणार? ५ तारीख म्हणजे काही खास दिवस आहे का? ती म्हणाली, "तुझा वाढदिवस आहे. मला माहीत आहे. पण त्याच दिवशी मेख्टिल्डची गाडी मिळतेय."

गाडी! कशाला हवी असेल गाडी? केक, खुर्च्या, माणसं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो. तिचा आवाज थकलेला वाटला. एवढी तयारी करायची म्हणजे दमणारच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

तोरण क्रमांक चारचं काय झालं ते इथे नको.

धडा घेतला. पानं वाळतात, बोरं पक्षी खातात. तेव्हा सदाहरित तेच वापरायचं. गावात सगळ्यात दाट आयव्हीची वेल कब्रस्तानाच्या भिंतीवर आहे. फुकट, कुणाच्या मालकीची नाही. शिवाय तिथल्या सुरूच्या झाडांची छाटणी चालू होती, त्याच्या फांद्याही मिळाल्या. दोन पिशव्या भरल्या. त्या धुळीनं शिंका सुरू झाल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

त्याच वेळी चर्चच्या महिला मंडळाच्या ल्युटकेबाई समोर. कबरीवरची फुलं बदलायला आल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. तक्रार करणार असं वाटलं, म्हणून आधीच सांगितलं, आनेग्रेटसाठी चाललंय. बोलताना घसा बसला होता, शिंकांनी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि निघून गेल्या.

याही कटात आहेत?

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सुट्टीचा दिवस. सकाळी नऊला बसलो, साडेचारला उठलो. पण तोरण क्रमांक पाच जमलं. दोन हँगर एकात एक गुंतवले, वर सुरूच्या फांद्या, त्यावर आयव्ही, गच्च. मोठं झालंय, गाडीच्या चाकाएवढं. हलवलं, आपटलं, पंख्यासमोर धरलं. एक पान पडलं नाही.

रंग नाही, ही एक त्रुटी. ड्रॉवरमध्ये जांभळी रुंद रिबन सापडली. ती खाली दोन टोकं सोडून बांधली. मग सुचलं, पाहुण्यांपुढे आनेग्रेटलाच उलट चकित करावं. सोनेरी पेन होतं. एका टोकावर लिहिलं: 'प्रिय आनेग्रेटला'. दुसऱ्यावर: 'कायम तुझाच, फोल्कमार'.

असं काही मी तिला यापूर्वी लिहिलंय का, आठवून पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. कुठेतरी लिहिलं असणार.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सकाळी लावलं. परिणाम विलक्षण. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबतोय. बेकरीवाला म्हातारा थांबला, रिबन वाचली, टोपी काढली. दोन बायका कोपऱ्यावर उभ्या राहून बोलत होत्या, एकीनं रुमाल काढला. कला माणसाला हलवते, हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

दुपारी उंबऱ्यावर लाल काचेतला दिवा. कुणी ठेवला ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत दिवे तीन आणि पांढऱ्या शेवंतीची कुंडी एक. पाहुण्यांसाठी वाट उजळण्याची सोय दिसते. गल्लीतले सगळेच कटात आहेत तर! केंपरबाई मात्र मुलाकडे गेल्यात, रविवारी येणार. कटाच्या ऐन दिवशी गैरहजर. का?

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी १०.००

निळा शर्ट. आरशात चकित चेहऱ्याचा सराव: भुवया वर, हात छातीवर, "अरे बापरे!" सहा वेळा केला. चौथा सर्वांत बरा.

१०.३० पासून पुढच्या दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा राहणार.

दुपारी २.२०

क्रमानं लिहितो.

११.१० ला मागून आवाज आला, "फोल्कमार, तिथे काय करतोयस?" आनेग्रेट पॅसेजमध्ये उभी. तळघरातून आली होती. एकटी. काखेत घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके. मी भुवया वर केल्या, हात छातीवर ठेवला, म्हणालो, अरे बापरे! ती घाबरली. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. विचारलं, बाकीचे कुठे आहेत? ती म्हणाली, "कोण बाकीचे?"

मग ती समोर बसली. म्हणाली, "वीप्के सांगत होती, तुला अजून कळलेलंच नाही. मला खरं वाटेना. निघायच्या आदल्या रात्री जेवणानंतर याच टेबलावर अर्धा तास बोलले मी. म्हटलं, मी मेख्टिल्डकडे चाललेय आणि परत येणार नाही. तू विचारलंस, साधारण किती दिवस?"

मी म्हणालो, मेख्टिल्डचा गुडघा होता ना.

"गुडघा तूच काढलास. मेख्टिल्डचं नाव घेतलं की तू म्हणालास, हां, गुडघा. मी तीनदा नाही म्हटलं. मग दमले रे मी."

पाकिटातल्या दोन खोल्या तिच्यासाठी आहेत. बाल्कनीसकट. तिथे ती बायकांना तोरणं करायला शिकवणार आहे, बुधवारी आणि शुक्रवारी. आधीच अकरा नावं आलीत.

मी विचारलं, माझा गुन्हा काय? आवाज चढला असावा. ती चढवत नाही. म्हणाली, "तू कामावर जात होतास तेव्हा दिवसभर घर माझं होतं. मार्चपासून मी बाजारातून आले की तू पावतीवरची वेळ बघतोस, मग घड्याळ बघतोस. एकदा म्हणालास, अकरा मिनिटं जास्त लागली, ती कुठे गेली? तुला खरं सांगू? मी बागेत बाकावर बसले होते. घरी यायची इच्छा नव्हती म्हणून."

मी म्हणालो, बाकावर कोणाबरोबर?

शब्द तोंडातून गेले. मी विचारत नव्हतो, ते आपोआप आलं. तिनं डोळे मिटून घेतले. "बघ," म्हणाली. एवढंच.

मग तिनं पुस्तकं भरली, केकची भांडी भरली. मी खोक्यांना चिकटपट्टी लावून दिली. जाताना गालाला गाल लावून म्हणाली, "वाढदिवसाच्या शुभेच्छा." टेबलावर तिनं विणलेले पायमोजे ठेवले होते, राखाडी.

पुढच्या दारानं जा, असं म्हणणार होतो. पण ती तळघराच्या दारानंच जाते. बागेतले बूट तिथे असतात म्हणून, अडतीस वर्षं. ही नोंद माझ्याकडे नव्हती. जड खोकं मीच उचललं आणि मीही तिच्यामागून त्याच दारानं गेलो. तोरण तिनं पाहिलं नाही.

मेख्टिल्ड गाडीत बसली होती. मला पाहून खाली उतरली नाही. हात मात्र हलवला.

संध्याकाळी ६.००

परिस्थिती अजून स्पष्ट नाही. परत येणार नाही असं ती म्हणालीय, पण लेखी काही दिलेलं नाही. वीप्केचा फोन आला. शुभेच्छा दिल्या आणि रडली. मी म्हणालो, तुझ्या आईला थोडी विश्रांती हवी आहे. ती म्हणाली, "बाबा, प्लीज."

रविवार, ६ ऑक्टोबर. दुपारी ३.१५

सुगीच्या आभारप्रार्थनेचा रविवार. चर्चला गेलो नाही.

अडीचला बेल वाजली. ल्युटकेबाई, काळा ड्रेस, हातात लोण्याचा केक, मोठा ट्रे भरून, वर कापड. डोळे ओले. म्हणाल्या, "सकाळी प्रार्थनेत आम्ही आनेग्रेटचं नाव घेतलं. दारावरचं पुष्पचक्र पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली हो. काही कळवलं पण नाहीत कुणाला. कधी गेली?"

मी म्हणालो, चौदा सप्टेंबरला, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी.

त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "आणि इतके दिवस एकटेच? फार त्रास झाला का हो तिला?"

मी उत्तर देणार होतो, नाही, तसं काही नाही. तोंडही उघडलं होतं. पण त्यांच्या खांद्यावरून दारावरचं ते गाडीच्या चाकाएवढं काळपट हिरवं प्रकरण दिसलं. जांभळी रिबन, सोनेरी अक्षरं, खाली कबरीवर लावतात तसले पेटलेले दिवे, शेवंती. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आतून नीट पाहत होतो. बेकरीवाल्यानं टोपी का काढली ते कळलं.

मी म्हणालो, हो. झाला. बराच.

त्या हुंदके द्यायला लागल्या. मग राहवलं नाही. म्हणालो, ल्युटकेबाई, ती मेलेली नाही. ओस्नाब्रुकला राहते. तिची तब्येत उत्तम आहे. ती मला सोडून गेली.

हे वाक्य मी मोठ्यानं बोललो. दुसरं वाक्य जवळ नव्हतंच.

ल्युटकेबाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, केककडे पाहिलं. म्हणाल्या, "अगंबाई. मग आता याचं काय करायचं?" मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी कापड नीट झाकलं आणि ट्रे घेऊन परत गेल्या.